आजीने विणलेला स्वेटर

चौथं मूल येणार म्हणून रोझलीन स्वस्त कपड्यांसाठी सीमेवरचा पूल ओलांडून शेजारच्या अमेरिकेत गेली. परतताना जकात नको, म्हणून तिने लेकीला, मिरेलला, नवा कोट तिथेच चढवला. तिच्या अंगातला, आजीने विणलेला, आखूड झालेला स्वेटर सोबत दिसला तर शंका येईल, म्हणून तो दुकानाबाहेरच्या कचरापेटीत टाकला.

"विचारलं तर कोट जुनाच आहे म्हणायचं."

नाक्यावर मिरेल तसंच म्हणाली. अधिकाऱ्याने गाडी जाऊ दिली.

घरी सासूबाई लोकर घेऊन बसल्या होत्या. "मिरेल, स्वेटर आण गं. बाह्या वाढवते, अजून एक हिवाळा निघेल."



"शाळेत राहिला, आजी," मिरेल सहज म्हणाली आणि शाबासकीसाठी आईकडे बघू लागली. रोझलीनला तिच्याकडे बघवेना.