सुंदूसच्या मापाची दुनळी

कानस फरशीवर पडली. टिण्ण. खोलीतली शांतता तेवढ्यापुरती फुटली आणि पुन्हा मिटली. सुंदूस जागची उठली नाही. मांडीवरचा अक्रोडाचा दस्ता तसाच धरून तिने पायाच्या अंगठ्याने फरशी चाचपली, आधी डावीकडे, मग उजवीकडे. कानस अगदी पुढ्यात पडली होती. सहा वर्षांच्या इपेकने ती उचलून आजीच्या तळव्यावर ठेवली.

"लपून बसली होती मेली," आजी म्हणाली.

दारात कणकेच्या हातांनी उभी राहून इपेकची आई हाजेर स्वतःच्या आईकडे बघत होती. उजव्या डोळ्याची आशा डॉक्टरांनी सोडली होती. डावा कधीपर्यंत साथ देईल, हे ते सांगत नव्हते. चाळीस वर्षं आई बंदुकीच्या दस्त्यांवर जाळी कोरत आली होती. घामेजल्या हातातून दस्ता निसटू नये म्हणून कोरतात ती, केसाएवढ्या रेघांची. गावातले पुरुष कारखान्यात नळ्या घासत, बायका घरी जाळी कोरत. मुलाची सुंता झाली की पोलादी पट्टीवर त्याचं नाव कोरलेली दुनळी बंदूक घरात येई. बहिणीला त्या दिवशी शाल मिळे. हाजेरच्या पेटीत अशा दोन शाली होत्या.

आईच्या मांडीवरचा दस्ता शेवटचा होता. कारखान्याने मशीन आणलं होतं.

हाजेरने हात पुसले, लोकरीचा धागा घेतला आणि आईजवळ बसली.

"कोपर वाकव जरा. स्वेटर विणायचाय तुला."

आईने कोपर वाकवलं. हाजेरने कोपराच्या खळीपासून तर्जनीच्या दुसऱ्या पेरापर्यंत धागा ताणला, तिथे गाठ मारली. आईने पुन्हा कानस हातात घेतली.

थोरला भाऊ जेलाल संध्याकाळचा चहा प्यायला आला, तेव्हा हाजेरने अंगणातच त्याला सांगून टाकलं. दादा ऐकून हसला.

"तिला चहाचा पेला सापडत नाही, आणि तू बंदूक देतेस? कशावर मारणार? आवाजावर?"

"तुझ्या भिंतीवर तीन आहेत. शेवटची कधी उडवलीस?"

"माझं वेगळं."

"कसं वेगळं?"

जेलालने साखरेचा खडा दाताखाली फोडला. "लोक हसतील, हाजेर. चांगला गालिचा घे. गुडघे दुखतात तिचे."

"गालिचा तू घे. तूही तिचा मुलगाच आहेस."

चेरी तोडण्याच्या हंगामाची मजुरी तिने रुमालात बांधली आणि दुसऱ्या दिवशी इपेकचं बोट धरून रासिम उस्तादांच्या बंदुकांच्या दुकानात गेली. परवाना तिने महिन्याभरापूर्वीच स्वतःच्या नावाने काढून ठेवला होता. कचेरीतल्या माणसाने तेव्हा तीनदा विचारलं होतं, "नवऱ्याच्या नावाने का नको?" तीनही वेळा तिने एकच उत्तर दिलं होतं, "त्याला नकोय."

उस्तादांनी धाग्याची गाठ बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. "एवढासा हात! सुंता कोणाची?"

"कोणाची नाही. स्वस्तातली दाखवा, पण नळ्या चांगल्या हव्यात."

त्यांनी चकचकीत नवी दुनळी काचेवर ठेवली. हाजेरने डोळे मिटले आणि दस्त्यावरून अंगठा फिरवला. रेघा सरळ होत्या, सगळ्या सारख्या, खिडकीच्या जाळीसारख्या थंड.

"ही नको. मशीनची आहे."

"स्वस्त म्हणालीस ना? हाताच्या जाळीची स्वस्त कुठून आणू, पोरी?"

"मागच्या कपाटातून."

उस्तादांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग काहीतरी पुटपुटत आत गेले आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक दुनळी घेऊन आले. कोण्या पोरासाठी आखूड दस्त्याची बनवून घेतली होती. ते कुटुंब जर्मनीला गेलं, बंदूक राहिली. मोठ्या माणसाच्या खांद्याला ती लागत नव्हती. हाजेरने दस्त्याला धागा लावला. गाठ बरोबर घोड्यापाशी आली.

"पट्टी कोरी आहे," उस्ताद म्हणाले. "नाव काय घालू?"

"सुंदूस."

कोरायची सुई त्यांच्या हातात तशीच राहिली. "आपली सुंदूस? हाजेर, बाईचं नाव मी आजवर..."

"आजवर कोणी सांगितलं नसेल. आता मी सांगतेय."

"गाव मला विचारेल."

"तर गावाला सांगा, हाजेरने घालायला लावलं. माझं घर सगळ्यांना माहीत आहे."

उस्तादांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग पट्टी चिमट्यात धरली.

शुक्रवारी दुपारी हाजेरने आईला अंगणात, चिनारांच्या सावलीत बसवलं आणि फडक्यातलं ओझं तिच्या मांडीवर ठेवलं. जेलाल फाटकाशी हाताची घडी घालून उभा होता.

आईने फडकं लगेच उलगडलं नाही. वरूनच हात ठेवून म्हणाली, "स्वेटरचं माप कोपरापासून घेतात होय गं?"

हाजेरला हसू आवरेना. "मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू तुझी छाती होते का."

मग तिने फडकं उलगडलं. नळ्या सांध्यात खाली झुकवून उघडल्या, बोटाने दोन्ही रिकाम्या असल्याची खात्री केली, कडी लावली. कट् असा आवाज आला, तो कान देऊन ऐकला. अंगठा जाळीवरून फिरत कोपऱ्यापाशी थांबला.

"ही जेहराची. कोपऱ्यात घाई करायची बया. बोलतानाही तेच." जेहरा जाऊन चार वर्षं झाली होती.

बोट पट्टीवर आलं. एकेक अक्षर चाचपत शेवटपर्यंत गेलं, परत पहिल्यावर आलं. पुन्हा एकदा शेवटपर्यंत गेलं.

"आई, दे इकडे," जेलाल पुढे आला. "जड आहे, पडेल. भिंतीवर लावतो मी."

"चाळीस वर्षं माझ्या मांडीवर काय पिसं होती?"

ती उठली. गुडघे कुरकुरले, ती थांबली नाही. पाय फाकवून उभी राहिली, दस्ता खांद्यात रुतवला, गाल अक्रोडाला टेकवला. बोट घोड्यापासून दूर, सरळ ठेवलं. तेही कोणी शिकवलं नव्हतं. मग तिने डावा, बरा डोळा मिटला.

"आई, तो नव्हे, दुसरा," जेलाल म्हणाला. तिने डोळा मिटलेलाच ठेवला.

नळ्या हलल्या. चिनारांच्या शेंड्यांवरून, तळ्याच्या दिशेने, संथ, काहीतरी उडत जावं आणि त्याच्या मागे मागे जावं तशा. जेलालने मान वर केली. हाजेरनेही केली. आभाळ पार रिकामं होतं. नळ्या एका जागी येऊन थांबल्या. म्हातारीचे हात जरासुद्धा थरथरत नव्हते आणि ओठांच्या कडेला हसू होतं.

इपेकने हाजेरचा हात ओढला.

"आई, आजीला काय दिसलं?"