दोघांच्या पेट्या

शिपाई वर्गाच्या दारात आला तेव्हा मास्तर फळ्यावर भागाकार मांडत होते. शिपाई नुसताच "मास्तर..." म्हणाला आणि खाली बघत राहिला. तिकडे बालवर्गात मास्तरांच्या पत्नी, शाळेच्या बाई, मुलांना अक्षरं गिरवायला लावून जरा खुर्चीत टेकल्या होत्या. त्या उठल्याच नाहीत.

घरी दोन पेट्या भरून तयार होत्या. परदेशातल्या, रेल्वेचं शेवटचं स्टेशन असलेल्या एका गावच्या शाळेने शिक्षक जोडपं मागितलं होतं. लहानांना बाई शिकवणार, मोठ्यांना मास्तर. पेट्या भरायची बाईंची एक पद्धत होती. प्रत्येक पेटीत अर्धे कपडे मास्तरांचे, अर्धे त्यांचे. "एक हरवली तरी कुणी उघडं पडायला नको," त्या म्हणायच्या. इतक्या बदल्या झाल्या, पेटी कधी हरवली नाही. पद्धतही सुटली नाही.

"बाबा, आईचे कपडे काढून ठेवू का?" लेकीने विचारलं.

"राहू दे."

"आणि शाळेला कळवलंत?"

"कळवतो."

कळवलं नाही. एकट्याला नको म्हणाले तर? मग या घरात बसून करायचं काय? तिथे जाऊन तोंडावरच सांगू, असं ठरवून ते गाडीत बसले.

समोरच्या बाकावर लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या एक मावशी होत्या. जिभेला हाड नाही, पण मनाच्या मोकळ्या. गाडी हलते न हलते तोच त्यांनी मास्तरांचं कामधाम विचारून घेतलं.

"माणूस एक आणि पेट्या दोन? घर उचलून आणलंत की काय मास्तर?"

"घरातली मागून येतेय." मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"येतील, येतील. आमचे हे तर एकदा मला फलाटावर विसरून गाडीत चढले होते. पेट्या मात्र मोजून घेतल्या मेल्याने!"

मग मावशींचं सुरूच झालं. बाई रागीट आहेत का? चहात साखर किती घेतात? मास्तर सगळ्याची उत्तरं देत गेले. बोलताना बाई खरंच मागच्या गाडीत असल्यासारखं वाटायचं. खिडकीबाहेरची शेतं संपली, माळ सुरू झाला, तरी त्यांना खरं सांगवेना.

सरहद्दीवर गाडी थांबली आणि तपासनीस डब्यात चढला.

"ही पेटी कुणाची?"

"माझी."

झाकण उघडलं तर सदऱ्यांच्या खाली बायकी कपडे. तपासनिसाने भुवया उंचावल्या. "आणि ती?"

"तिची."

त्या पेटीत वरच मास्तरांच्या विजारी.

"अहो, धड सांगा की! कुठली कुणाची?"

"दोन्ही दोघांच्या आहेत."

"मग दुसरं माणूस कुठाय?"

"मागून येतायत त्या," मावशी मध्येच म्हणाल्या. "सुखाने जाऊ द्या की त्यांना!"

मास्तरांनी मावशींकडे पाहिलं. मग तपासनिसाला म्हणाले, "नाही येत. ती वारली."

तपासनिसाने विस्कटलेल्या घड्या आपल्या हाताने नीट केल्या आणि झाकणं लावली. शाळेलाही अजून कळवलेलं नाही, हे मास्तरांनी मावशींना सांगून टाकलं. मावशींनी आपल्या डब्यातलं अर्धं जेवण मास्तरांपुढे सरकवलं. "खा. आणि तिथे उतरल्या उतरल्या सांगा. एकदा जमलंय, दुसऱ्यांदाही जमेल."

शेवटच्या स्टेशनवर मुख्याध्यापिका स्वतः न्यायला आल्या होत्या. मास्तरांच्या खांद्यावरून त्या डब्याच्या दाराकडे बघत राहिल्या.

"बाई कुठायत?"

"बाई वारल्या. मी तुम्हाला कळवलं नाही. एकट्याला घेणार नाही अशी भीती वाटली."

"अहो, पण लहानांना कोण शिकवणार?"

"सकाळी लहान, दुपारी मोठे. दोन्ही मी घेतो. नाही जमलं तर परतीच्या गाडीत बसवून द्या."

"परतीची गाडी आठवड्याने आहे," त्या म्हणाल्या. "तोवर बघू. ती पेटी तुम्ही घ्या, ही मी घेते."

आठवड्याने गाडी आली आणि गेली. मास्तर गेले नाहीत. सकाळी ते लहानांचा हात धरून अक्षरं गिरवून घेतात. गाणी त्यांना सुरात म्हणता येत नाहीत, पोरं पोट धरून हसतात आणि पुन्हा म्हणायला लावतात. पेट्या खाटेखाली आहेत. लागेल तो सदरा मास्तर ओढून काढतात आणि झाकण लावतात. बाईंचे कपडे वेगळे काढायचे अजून राहिले आहेत.