पिंपळाचं पान कुणी वाजवायचं

हिंजवडीहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माणसं बोलत नाहीत, झोपतात. प्रज्ञेशही झोपायचा. पण बिबवेवाडी येईपर्यंत मध्येच जाग आली, की मांडीवरच्या कागदावर दोन ओळी सूर लिहून ठेवायचा. असं रडतखडत वर्षभरात त्याची रचना पुरी झाली. दोन व्हायोलिन, एक क्लॅरिनेट, एक चेलो. विषय बुद्धविहारामागचा पिंपळ. वारा पडला की बाकीची झाडं मुकाट उभी राहतात, याचं मात्र एखादं पान आपलं हलतच असतं. ते पान दुसऱ्या व्हायोलिनकडे होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर, गज थरथरवत वाजवायचा.

खरं सांगायचं तर सगळा खटाटोप त्या एका सुरासाठीच होता. प्रज्ञेशचे वडील पोपटराव, घरातले दादा, उभं आयुष्य गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवत आले. मग कीबोर्ड आला आणि सगळे व्हायोलिनवाले घरी बसले. "बरं झालं, ऑर्केस्ट्राच्या गाडीत बाकीच्यांना जागा झाली," दादा म्हणाले. पुढे उजवा हात कापायला लागला, तेव्हा मात्र तो खिशात लपवू लागले. व्हायोलिन कपाटावर गेलं ते गेलंच.

प्रज्ञेशला त्यांना एकदा तरी वाजवताना बघायचं होतं, आणि तेही त्यांना हात लपवावा न लागता. म्हणून त्यानं सरळ थाप मारली.

"दादा, आमचा दुसरा व्हायोलिनवाला ऑनसाइटला गेला. बुद्धपौर्णिमेला विहारात कार्यक्रम आहे. आता ऐनवेळी माणूस कुठून आणू?"

दादांनी त्यानं दिलेला सुरांचा कागद शेवटपर्यंत वाचला. "अमेरिकेला?"

"हो."

"जाणारच. काढ ते कपाटावरचं."

आणि नेमकी त्याच सुमारास डॉक्टरांनी नवी गोळी दिली. प्रज्ञेशची बायको कल्याणी ती रोज सकाळी दादांच्या हातावर ठेवायची. गोळीनं हात कापायचा थांबला, पण जड झाला. तालमीत सूर नुसता ओंडक्यासारखा पडून राहायचा, पान काही हलेना. घरात सगळ्यांना आनंद, आणि याला आपलं वाईट वाटतंय. प्रज्ञेशला स्वतःचीच लाज वाटली. दिवसभराच्या कामानं तो पार पिचून गेलेला असायचा, त्या सुरावरून दादांशी वाद घालायचं त्राण कुठलं?

"असू द्या दादा, चालेल," तो म्हणाला. दादांनी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो ऑफिसला गेला तो रात्रभर अडकला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येऊन जेमतेम डोळा लागतोय, तोवर निघायची वेळ झाली. उठून बघतो तर दादांच्या पांढऱ्या सदऱ्यावर चहा सांडलेला, बटणं वरखाली, आणि हात पहिल्यापेक्षा जास्त कापतोय.

"गोळी तरी वेळेवर घेत जा ना, दादा. आजच्या दिवशी तरी."

दादांनी सदरा उतरवला. कल्याणीनं दुसरा सदरा काढून त्यांना बटणं लावून दिली.

विहारात दादांनी तारेवर गज टेकवला आणि पान हललं. बारीक, न दमता, कुणी न हलवता हलावं तसं. क्लॅरिनेटवाल्यानं वळून पाहिलं. पहिलं व्हायोलिन प्रज्ञेशकडे होतं. त्याचे डोळे भरून आले, समोरचे सूर दिसेनात. पाठ होतं म्हणून निभावलं.

परतताना रिक्षात दादांनी पायजम्याच्या खिशातून गोळी काढली.

"पाणी आहे का?"

"ही कधीची?"

"सकाळची. घेतली असती तर तुझं पान मेलं असतं."

संध्याकाळी आपण काय बोललो ते प्रज्ञेशला आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि त्या ऑनसाइटवाल्याला कळव," दादा बाहेर बघत म्हणाले, "परत यायची घाई करू नकोस म्हणावं."

प्रज्ञेशनं बाटलीचं झाकण काढलं. दादांना ती धरवेना, म्हणून त्यानंच त्यांच्या ओठांना लावली. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. आता त्याचाच हात कापत होता.