तिसरं वाक्य

बुधवारा मोहल्ल्यातली लेकरं कापडाची लूम खडखडत असताना गाढ झोपतात आणि लूम थांबली की उठून रडतात. लाइट गेली की अख्खी गल्ली एकदम गप्प होते, आणि मग घराघरांतून भोकाड ऐकू येतं. हिमानीचं तसं नव्हतं. ती निवांत झोपलेली असायची. "काय गुणी पोर आहे गं तुझी!" शेजारणी म्हणायच्या, आणि ज्योत्स्नाला बरं वाटायचं. मग एका दुपारी लाइट गेली, गल्ली रडायला लागली, आणि जागी असलेल्या हिमानीनं हातातल्या वाटीवरून मान वर केली नाही. ज्योत्स्ना दारात उभी राहून बघत होती. त्या दुपारी तिच्या आतलंही काहीतरी थांबलं. लाइट आली, गल्लीतल्या लूम लागल्या, तिचं ते काही परत सुरू झालं नाही.

पुढचं सगळं तिनं नीट केलं. तपासण्या केल्या, नवऱ्याबरोबर, ललितबरोबर, इंदूरच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या केल्या, फाइल लावली. डॉक्टरांनी समजावलं, दोष जन्मापासूनचा, जनुकातला. साध्या मशीननं भागणार नाही, ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्र बसवावं लागेल. आणि ते लवकर. बोलणं शिकायचं वय निघून गेलं तर यंत्राचा उपयोग कमी होतो. सोमवारची तारीख मिळाली. ज्योत्स्ना रडली नाही. "पक्की आहे आपली सून," असं सगळे म्हणाले. ती पक्की नव्हती. बधिर झालेल्या दाढेसारखी होती, जीभ लावली तर कळतं की आहे, एवढंच.

काम मात्र चालू होतं. एम.एस्सी. झालेली, घरी बसून एका ऑडिओ अ‍ॅपसाठी रोजचं विज्ञानाचं बुलेटिन लिहायची. गणित, इंजिनिअरिंग, वैद्यक आणि क्वांटम, अशा चार बातम्या. पुण्याहून शीतल नावाची संपादक काम बघायची आणि तिचा नियम ठरलेला होता. पहिल्या वाक्यात शोध, दुसऱ्यात तो कसा लागला, आणि तिसरं वाक्य "पण"नं सुरू. पहिलं वाक्य एक पुरुष खणखणीत आवाजात, ढोलासारख्या संगीतावर वाचायचा. उरलेली दोन एक बाई हळू, गोड आवाजात.

या बुलेटिनचा घरातला सगळ्यात मोठा भक्त म्हणजे तिचे सासरे बाबुराव. कागदाच्या मिलमध्ये मशीनवर आयुष्य घालवून रिटायर झालेले, आवाज असा की खालच्या मजल्यावरून हाक मारली तर चौकातला रिक्षावाला वळून बघायचा. सकाळी चहाबरोबर फोन छातीशी धरून ऐकायचे आणि मग ओट्यावर बसलेल्यांना सांगायचे.

"ऐकलं का? क्वांटम कॉम्प्युटरनं स्वतःच्या गलत्या सुधारणं सुरू केलं! आमच्या सूनबाईनं लिहिलंय."

परवा गणिताची बातमी सोफ्याची होती. काटकोनात वळणाऱ्या बोळातून न अडकता निघेल असा मोठ्यात मोठा सोफा कोणता, या जुन्या कोड्याची सिद्धता मांडली गेली होती. बाबुराव खूष. "आपला जिन्यात अडकला होता तेव्हा कुठे होता हा गणितवाला? अर्धा दिवस मी वर, ललित खाली, मध्ये सोफा!"

आज ज्योत्स्नानं लिहिलेली वैद्यकाची बातमी बहिरेपणाची होती. जन्मतः बहिरी असलेली काही मुलं कानात दिलेल्या जनुक-उपचारानंतर ऐकू लागली. लिहिताना तिचे हात थांबले नाहीत. तिसरं वाक्य तिनं जपून लिहिलं होतं. पण हा उपचार एकाच विशिष्ट जनुकातल्या दोषावर चालतो, इतर कारणांनी आलेल्या बहिरेपणावर नाही. हिमानीच्या रिपोर्टमधला दोष त्या जनुकातला नव्हता. ते तिला लिहिण्याआधीपासून माहीत होतं.

हिमानीला खिचडी भरवताना जिन्यावर बाबुरावांची पावलं वाजली. आज पटापट येत होती.

"बेटा, तोंड गोड कर!" हातात पेढ्यांचा पुडा. "आणि तूच लिहितेस, आणि तूच गप्प बसतेस? सुई निघाली ना! एक सुई आणि ऐकायला लागतात लेकरं."

"बाबा, ते—"

"आता कशाला फोडायचं एवढ्याशा जिवाचं डोकं? एकदा यंत्र आत बसवलं की सुई चालेल का नाही कोण जाणे. आपण रुकून घेऊ. मी फोन करून दिला."

"कुठे?"

"इंदूरला! फाइलवर नंबर होता. म्हटलं, सोमवारी आम्ही येत नाही, तारीख दुसऱ्याला देऊन टाका. ललितलाही सांगितलं, तोही म्हणतो, थोडं थांबायला काय हरकत आहे."

ज्योत्स्नानं चमचा वाटीत ठेवला. हिमानीनं तोंड उघडून ठेवलं होतं, तो परत उचलून तिनं घास भरवला. रागवायला हवं, असं तिला वाटलं, जसं एखाद्या दिवशी वाटतं की आज केस धुवायला हवेत.

"काय म्हणाले ते?" तिनं विचारलं.

बाबुराव पुड्याची सुतळी सोडत होते.

"बाबा, हॉस्पिटलवाले काय म्हणाले?"

त्यांनी वर बघितलं. "काय?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. महिनोन्‌महिने ती एकाच माणसाकडे, हिमानीकडे, बघत आली होती. टाळी वाजवून, ताट आपटून, मागून हाक मारून बघत आली होती. दुसऱ्या कोणाकडे तसं बघायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. या गल्लीत सगळेच ओरडून बोलतात, सगळेच समोरच्याचे ओठ बघतात. त्यात कोणाचे कान गेलेत हे कोणाला कळणार?

तिनं फोन उचलून आतल्या खोलीत जाऊन नंबर लावला. वाट बघायला लावणारी धून वाजत राहिली. आपलं काळीज धडधडायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं. मग तिनं हिमानीचं नाव सांगून सोमवारच्या तारखेचं विचारलं.

"हां, आला होता एका अंकलचा फोन," पलीकडची मुलगी म्हणाली. "खूप जोरात बोलत होते. मी विचारतेय पेशंटचं नाव, पेशंटचं नाव, तर ते आपलंच बोलत राहिले आणि ठेवून दिला. कोण होते ते?"

"आमच्याकडचे. नाव दिलं नाही त्यांनी?"

"नाही ना. म्हणून मी काहीच कॅन्सल नाही केलं. तुमचं कन्फर्म धरू ना, हिमानीचं?"

"धरा."

फोन ठेवून ती थोडा वेळ तशीच पलंगाच्या काठावर बसली. आनंद कुठूनतरी येईल म्हणून वाट पाहिली. मग उठली.

बाहेर बाबुराव नातीला पेढ्याचा कण चाटवत होते. ज्योत्स्ना त्यांच्या समोर, खिडकीच्या उजेडात बसली, जेणेकरून तिचं तोंड दिसेल.

"बाबा, बुलेटिनमध्ये बाई काय बोलते?"

"कोण बाई? माणूस असतो तो. त्याच्यामागून पेटी वाजते."

"त्याच्यानंतर एक बाई बोलते, बाबा. रोज. प्रत्येक बातमीत."

ते हसले. मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. फोन काढून बुलेटिन लावलं, कानाला चिकटवलं, दुसऱ्या कानाला लावलं. "हे पेटीसारखं वाजतंय ते?"

"ती बाई आहे."

बाबुरावांनी फोन मांडीवर ठेवला. मग ज्योत्स्नानं हळू नाही, मोठ्यानंही नाही, एकेक शब्द ओठांवर दिसेल असं तिसरं वाक्य सांगितलं. एकाच जनुकाचं. आपल्या हिमानीचं ते नव्हे.

"म्हणजे सुई नाही."

"आपल्यासाठी नाही. आणि तारीख गेलेली नाही. तुम्ही नाव सांगितलं नव्हतं."

"ती पोरगी नाव विचारत होती?"

"हो."

त्यांनी पेढ्याचा पुडा परत बांधायला घेतला, सुतळीची गाठ नीट बसेना. "आणि तो सोफा? त्याचंही काही होतं?"

"बाकीचे गणिती सिद्धता अजून तपासतायत, एवढंच."

"आणि कॉम्प्युटर?"

"गलत्या कमी झाल्या. पण आपल्या कामाचं काही करायला अजून खूप अवकाश आहे."

"हं." सगळ्या ओट्यावर त्यांनी अर्धं जग सुधारून ठेवलं होतं. "मला वाटायचं, लोक काय काय करून राहिलेत."

"करतायत, बाबा. फक्त हळू."

खाली लूम लागल्या. हिमानी रांगत भिंतीपाशी गेली आणि पंजा भिंतीला लावून बसली. भिंत थरथरते, ते तिला आवडतं. यावरूनच घरातले आधी म्हणायचे, ती ऐकते. बाबुराव तिच्याकडे बघत होते.

"सोमवारी मी पण येतो," ते म्हणाले. मग थांबून, "आणि त्या यंत्राचं? जे बसवणार आहेत. त्याचंही तिसरं वाक्य असेल ना?"

होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ललित तेव्हा गाडी लावायला गेला होता, आणि ज्योत्स्नानं ते घरी आणलंच नव्हतं. यंत्रातून येतो तो आवाज आपल्यासारखा नसतो. तो ओळखायला शिकवावं लागतं, वर्षानुवर्षं. तरीही कोणी बोलतं, कोणी थोडंच बोलतं, आधी काही सांगता येत नाही.

"आहे," ती म्हणाली.

बाबुराव पुढे सरकून बसले. गुडघा तिच्या गुडघ्याला लागला.

"सांग," ते म्हणाले. "इकडे तोंड करून सांग."