ऑपेराघरातल्या दुर्बिणीची तगमग

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि मला एका जागी बसवत नाही. डबीत घातलं की माझा जीव गुदमरतो. ऑपेराघरात कोट ठेवायची खिडकी आहे ना, तिथे मी भाड्याने मिळते. ऑपेरा म्हणजे असं नाटक, ज्यात माणसं भांडतातही गाऊन आणि मरतातही गाऊन!

माझ्या पितळी नळ्या एका घड्याळजीने जोडल्या. पहिल्याच वर्षी एका आजोबांनी मला जिन्यात आपटलं. तेव्हापासून उजव्या काचेला चरा आहे. तरी लोक मलाच मागतात, बरं का!

खिडकीवर मावशी बसतात. दर हिवाळ्यात इथे एकच गाजलेला ऑपेरा लागतो. एकोणीस वर्षं मावशींनी तो भिंतीआडून ऐकला. नायिकेचा शेवटचा उंच सूर लागला की त्या उठायच्या आणि कोटांना अडकवलेल्या नंबरच्या बिल्ल्यांच्या क्रमाने कोट मांडायच्या, म्हणजे खेळ सुटल्यावर झुंबड होत नाही. त्यामुळे शेवट त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

आणि मावशी लिहीत होत्या कादंबरी, आयुष्यातली पहिली! मला परत करायला येणारी माणसंच तिच्यात होती. बस चालवणारे काका, शिवणकाम करणाऱ्या ताई, दातांचे डॉक्टर. तसा एकमेकांशी संबंध नाही, पण याच गाण्यापायी पोटाला चिमटा काढून तिकीट घेणारे. ऑपेराचा शेवटच ठाऊक नसल्याने शेवटचं प्रकरण मात्र अडलं होतं आणि प्रकाशकाने सोमवारपर्यंतच मुदत दिली होती.

"काका, शेवटी ती मरते का हो?" मावशींनी विचारलं.

"छे! हसते ती."

"हसते कसली?" ताई म्हणाल्या. "दाराकडे बघत राहते."

मी सगळं पाहिलं होतं; पण मला वाचा कुठे? नुसती चडफडत होते.

शनिवारी ताईंनी मावशींना हाताला धरून उठवलं. "जा तुम्ही आत. कोट मी बघते. पळून जाणारेत का ते?"

मावशी मला गळ्यात अडकवून आत बसल्या. तो उंच सूर लागला आणि काय सांगू तुम्हाला! मावशी ताडकन उठल्या आणि कोट मांडायला बाजूच्या दाराकडे धावल्या! एकोणीस वर्षांची सवय ती. अहो मावशी, मागे फिरा! मी त्यांच्या छातीवर आपटत राहिले.

दारात त्या भानावर आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. तिथून रंगमंच दिसेना. दिसत होते फक्त समोर बसलेले प्रेक्षक. मावशींनी मला डोळ्यांना लावलं. "हसते ती" म्हणणारे काका ढसाढसा रडत होते. डॉक्टर शेजारच्या अनोळखी बाईंना रुमाल देत होते. जन्मभर मी रंगमंच पाहिला, पण ही तोंडं अशी मी पहिल्यांदाच पाहत होते. मग पडदा पडला.

मावशींनी रविवारी बसून शेवटचं प्रकरण लिहिलं. त्यात नायिकेचं काय झालं ते नाहीच. त्यात ही तोंडं आहेत. आता ते पुस्तक खिडकीवर माझ्या शेजारी असतं.

मित्रांनो, मला परत करताना काच पुसा आणि कृपा करून जिन्यात आपटू नका. आणि मावशी अजूनही विचारतात, "शेवटी काय झालं हो?" तेव्हा घाईघाईने कोट अंगात चढवत उत्तर देऊ नका. दोन मिनिटं थांबा आणि त्यांना नीट सांगा.