वाकड्या वाटेचे गाणे

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि सध्या बोआतेन मामांच्या बैठकीत एका खिळ्याला टांगलेली आहे. खिळा घट्ट आहे. भिंतीचे मात्र सांगता येत नाही.

माझा जन्म कुमासी शहरातल्या एका सुताराकडे झाला. तो शवपेट्या बनवायचा. एका पेटीच्या उरलेल्या फळ्यांतून त्याने माझे पोट घडवले आणि गिऱ्हाइकाला तसे सांगूनही टाकले. गिऱ्हाईक होता याव डाक्वा, कोकोच्या बागांमधल्या एका गावचा तरुण गवई. तो हसला. म्हणाला, "बरंच झालं की! नाहीतरी आमचं निम्मं गाणं मयतालाच लागतं." मला ते हसणे तेव्हाही आवडले नव्हते.

पण हात मोठा गोड होता त्याचा. अंगठा आणि एक बोट, एवढ्यावर तो मला बोलती करायचा. आमच्या हायलाइफ गाण्यांची रीतच अशी की चाल पायांना नाचवते आणि शब्द कान उपटतात. नाव कोणाचेच घ्यायचे नाही. लेकी बोले सुने लागे, असा सगळा कारभार. त्यातही थोरांसमोर म्हण टाकायची तर आधी माफी मागायची, म्हण तुमचीच आहे असे म्हणायचे आणि मगच तोंड उघडायचे. याव हे सगळे नेमाने पाळायचा. गावोगाव त्याचे कौतुक व्हायचे, आणि त्याच्या मांडीवर बसून ते मी ऐकायचे. फार सुखाचे दिवस होते ते.

मग ओढ्याकाठी पोकलेन आला.

कुळाची जमीन आमच्याकडे आईच्या वंशातल्या थोरल्याच्या हाती असते. यावचे बोआतेन मामा ते थोरले. त्यांनी ओढ्याकाठची पट्टी सोने खणणाऱ्यांना देऊन टाकली. महिनाभरात ओढ्याचे पाणी दुधाच्या चहासारखे झाले आणि खड्डा वर वर सरकू लागला. वर यावच्या आईचे, अफ्राकोमाचे घर होते. मला तिथल्या भिंतीला टेकवून ठेवले की खड्ड्यातले पाणी उपसणाऱ्या पंपाची घरघर जमिनीतून माझ्या पोटात उतरायची. कोणी न छेडता माझ्या तारा थरथरायच्या.

एके दुपारी अफ्राकोमा फुफूसाठी उकडलेले कंद कांडता कांडता थांबली. "याव, मामाला नीट सांग बाबा. खड्डा पार कोको वाळवायच्या चटयांपर्यंत आलाय."

"तूच सांग ना. तुझा सख्खा भाऊ आहे."

"सांगितलं की! म्हणतो, बाईमाणसाला साधा खड्डासुद्धा विहीर वाटते. तू भाचा आहेस. उद्या त्याच्या जागी तूच बसायचास. तुझं ऐकेल."

"मामांना तोंडावर कसं बोलू, आई? शोभेल का? मी गाण्यातून सांगतो."

"गाण्यावर लोक नाचतात रे," ती म्हणाली. "ऐकतंय कोण?"

त्याने गाणे रचलेच. 'थोरहो, माफी असावी, म्हण तुमचीच आहे, मी फक्त परत आणली. रानात वाट पाडणाऱ्याला मागची वाट वाकडी झालेली दिसत नाही.' चाल इतकी गोड लागली की मीच घाबरले.

मामांनी ते पहिल्यांदा ऐकले एका लग्नात. मी श्वास रोखून होते. मामा उठले, पांढरा रुमाल काढला आणि नाचायलाच लागले! गाणे संपल्यावर त्यांनी यावची पाठ थोपटली. "शाब्बास भाच्या! त्या शेजारगावच्या म्हाताऱ्याला काय हाणलंस!"

शेजारगावचा म्हातारा तिथेच नाचत होता. त्याला वाटले, गाणे आपल्या जावयावर आहे. जावई कोणावर समजला, कोण जाणे. पण नाचत तोही होता. पुढे त्या गाण्यावाचून एकही समारंभ होईना. म्हण सगळ्यांना पाठ झाली आणि लागली कोणालाच नाही. खड्ड्याच्या काठावरचे मजूरसुद्धा पंपाच्या तालावर तेच गुणगुणायचे. माझ्या तारांना तेव्हा गंज चढू लागला होता आणि यावचे तिकडे लक्ष नव्हते.

आम्ही दुसऱ्या गावी तेच गाणे वाजवत होतो, तेव्हा इकडे आभाळ भरून आले. अफ्राकोमा कोको भिजू नये म्हणून चटया गुंडाळायला घरामागे गेली. आदल्या आठवड्याच्या पावसाने काठ भुसभुशीत झाला होता. चटई, कोको आणि ती, सगळे एकदम खाली खड्ड्यात गेले.

शनिवारी तिच्या मयताचा मंडप उभा राहिला. लाल-काळी वस्त्रे नेसून सगळे गाव बसले. मामांचे डोळे रडून सुजले होते, ते खोटे नव्हते. ते म्हणाले, "याव, ते वाटेचं गाणं म्हण रे. तिला फार आवडायचं."

यावने मला गळ्यातून काढले आणि खुर्चीवर ठेवले. माफी मागितली नाही. म्हणही टाकली नाही.

"मामा, तिला ते गाणं आवडत नव्हतं. ते तुमच्यावर होतं. जमीन तुम्ही दिलीत आणि माझी आई त्या खड्ड्यात गेली."

मला वाटले, आता तरी कोणी ऐकेल! पण एक वृद्ध काठी आपटत उठला. "थोरांसमोर असं उघडं बोलतात? आईच्या मयतात? दंडाचा मेंढा आण आणि मामाचे पाय धर!" सगळ्यांनी माना डोलावल्या. खड्ड्याचा विषय कोणी काढलाच नाही. ओढ्याकाठी पंप चालूच होता.

याव त्याच संध्याकाळी गाव सोडून गेला. मला त्याने खुर्चीवरच ठेवले. त्याचा मला राग येत नाही, पण आठवण रोज येते. बहिणीची निशाणी म्हणून मामांनी मला इथे टांगले. ते अधूनमधून माझ्यावरची धूळ पुसतात आणि तेच गाणे गुणगुणतात.

मित्रांनो, जुन्या वाद्याच्या तारा पुसा, त्याला ओल लागू देऊ नका. आणि एक मागणे आहे. म्हण कानावर आली की ती शेजाऱ्याच्या मापाची आहे का हे पाहण्याआधी स्वतःच्या अंगाला लावून बघा. नाचा खुशाल, पण आधी ऐका.

परवापासून माझ्या तारा पुन्हा आपोआप थरथरू लागल्या आहेत. खिळ्याच्या खाली भिंतीला एक भेग पडली आहे. मामांनी तिच्यावर नव्या वर्षाचे कॅलेंडर लावले आहे.