शेवटचं उत्तर

वकीलबाईंनी चित्रफीत पुन्हा मागे नेली. पडद्यावर अप्पा नोंदणी कार्यालयातल्या खुर्चीत ताठ बसले होते. शर्टाची बटणं एक घर चुकून लागलेली. शेजारी थोरला मुलगा, दादा, मांडीवर खरेदीखत घेऊन.

"नाव?" अधिकाऱ्याने विचारलं.

अप्पांनी नाव सांगितलं.

"आज वार कोणता?"

"बुधवार."

"जमीन कोणती?"

"विहिरीजवळचा मळा. पाच एकर."

वकीलबाईंनी फीत थांबवली. "आणि हे भानावर नव्हते म्हणता? ताई, मला विचारा बरं आजचा वार. मी गडबडेन."

धाकटीला, अप्पांच्या लेकीला, हसू आलं नाही. दोन वर्षं रोज सकाळी अप्पांची दाढी करताना तीच त्यांच्याकडून घोकून घ्यायची: नाव, वार, मळा कुठला, किती. तेवढं तरी डोक्यात राहावं म्हणून. महिन्यातून एकदा दादा यायचा, दारात उभा राहून ऐकायचा. "शाळा बरी भरवलीस गं," म्हणायचा. एका बुधवारी डोळे दाखवून आणतो म्हणून तो अप्पांना घेऊन गेला. अप्पा वारल्यावर महिन्याभराने मळ्याचं दादाच्या नावचं खरेदीखत बाहेर निघालं.

"मीच शिकवलं होतं ते," ती म्हणाली.

"ते कोर्टात बोलू नका. तुम्हीच पढवलंत म्हणतील." वकीलबाईंनी फीत पुढे सोडली.

अधिकारी कागद जुळवत होता. जाता जाता त्याने विचारलं, "घरी कोण बघतं, आजोबा?"

"धाकटी." अप्पा पुढे झुकले, आवाज खाली आणला. "मळा तिच्यासाठी ठेवलाय. थोरल्याला बोलू नका हं. तो लई आतल्या गाठीचा."

पडद्यावर दादा हसला. त्याने अप्पांचा अंगठा धरून यंत्रावर टेकवला.

वकीलबाईंनी टेबलावर थाप मारली. "सापडलं! विकायला बसलेत आणि म्हणतात ठेवलाय. पोटचा पोरगा शेजारी, त्याची ओळख नाही. आता हा व्यवहार टिकतोय होय!"

त्यांनी भराभर मजकूर टाइप केला, छापील कागद पुढे सरकवला. धाकटीने वाचलं. 'सदर उत्तर हे बुद्धिभ्रंशातून केलेली निरर्थक बडबड असून...'

"निरर्थक लिहायलाच हवं?"

"तेवढ्या एका उत्तरावर तर मळा परत येणार आहे. बाकीची सगळी बरोबर दिलीत त्यांनी."

धाकटीने सही केली. खाली तारखेची जागा रिकामी होती. तिचं पेन त्या जागेवर अडलं.

"आज काय आहे?" तिने विचारलं.